‘फोटो हलला बे!’ म्हणण्याआधी थांबा: शिकणाऱ्याला अभिप्राय कसा द्यायचा?



नागपुरात माझं फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमिंगचं छोटं दुकान आहे, हे चॅनेल पाहणाऱ्यांना माहीतच आहे. आज माझी स्वतःची एक चूक सांगतो. त्या चुकीने एक चांगला पोट्टा कॅमेरा विकायला निघाला होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आपल्या विदर्भात शंकरपट पुन्हा भरू लागले. बैलजोडीचा मालक जोडीला घरच्या लेकरासारखा जीव लावतो. धावत्या जोडीचा एक झकास फोटो मिळाला, तर तो फ्रेम करून बैठकीत लावतो. म्हणजे इथे धंदा आहे!

हे ओळखून उमरेडकडचा एक पोट्टा हप्त्यावर कॅमेरा घेऊन पटावर गेला. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात हजर. ‘भाऊ, कसे आले सांगा ना.’

दुकानात गर्दी होती. मी चार फोटो पाहिले आणि सगळ्यांसमोर बोललो, ‘हे काय बे, सगळे हललेत. बेकार आहेत.’ तो हसला, पेनड्राइव्ह उचलला आणि गेला. परत आलाच नाही. दोन महिन्यांनी त्याचा मोठा भाऊ लग्नाच्या फोटोची फ्रेम न्यायला आला, तेव्हा कळलं की तो कॅमेऱ्याला गिऱ्हाईक शोधतोय.

मी खोटं बोललो होतो का? नाही, फोटो हललेलेच होते. पण माझ्या बोलण्यातून त्याला पुढच्या पटावर नेमकं काय बदलायचं, हे कळलं का? तेही नाही. मग ते बोलणं काय कामाचं?

मी त्याला फोन केला, माफी मागितली, दुपारी दुकान रिकामं असताना बोलावलं. त्या दिवशी जे केलं, तेच आता शिकवतो.

1. आधी विचारा: तुला काय दाखवायचं होतं?

हललेला फोटो दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. शटर 1/60 च्या आसपास ठेवून कॅमेरा जोडीबरोबर फिरवला, तर बैल बऱ्यापैकी स्पष्ट येतात आणि मागची गर्दी रेषांसारखी ओढली जाते. त्याला पॅनिंग म्हणतात. त्याला ते हवं होतं का? तो म्हणाला, ‘नाही भाऊ, मले तं धूळ उडताना बैलाचे पाय दाखवायचे होते.’ झालं! आता मोजमाप त्याच्या हेतूचं, माझ्या आवडीचं नाही.

2. जे जमलं ते नेमकं सांगा

‘छान आहे, छान आहे’ याने कोणी शिकत नाही. मी एका फोटोवर बोट ठेवलं. ‘इथे तू खाली बसून काढलास, म्हणून बैल मोठे, रुबाबदार दिसतात. जोडीच्या पुढे मोकळी जागा सोडलीस, म्हणून ती धावत येतेय असं वाटतं. हे असंच ठेव.’ चांगलं काय ते कळलं, तरच माणूस ते पुन्हा करतो.

3. चूक एकच, पण कारण आणि उपायासकट

त्याचं शटर होतं 1/125. हिशोब करा. जोडी ताशी 36 किलोमीटरने धावली, तर सेकंदाला 10 मीटर जाते. 1/125 सेकंदात ती 8 सेंटीमीटर पुढे सरकते. पाय तर त्याहून जोरात हलतात. फोटो हलणारच! 1/1000 ठेवलं, तर हेच अंतर 1 सेंटीमीटरवर येतं. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवायचा. थोडे दाणे आलेले चालतात, हललेला बैल मालकाला चालत नाही.

फोकसचाही घोळ होता, फ्रेममध्ये गर्दीही जास्त होती. पण त्या दिवशी मी फक्त शटर सांगितलं. एका वेळी दहा चुका सांगितल्या की समोरचा एकही दुरुस्त करत नाही.

4. पुढचं काम ठरवून द्या

‘पुढच्या पटावर 1/1000, सलग शूटिंग चालू. धावपट्टीपासून लांब राहा, फ्लॅश मारू नको, जनावर बिचकतं. घरी येऊन दहाच फोटो निवड आणि मला दाखव.’ दहा निवडताना तो स्वतःच स्वतःचा परीक्षक झाला.

5. चारचौघांत नाही

चूक बाजूला घेऊन सांगा, कौतुक सगळ्यांसमोर करा. मी नेमकं उलटं केलं होतं.

पुढच्या वेळी तो दहा फोटो घेऊन आला. पाय स्वच्छ दिसत होते, धूळही मस्त उडालेली. चार फोटोंत धुरकऱ्याचं डोकं कापलं गेलं होतं, तो धडा मग आम्ही त्या दिवशी घेतला. पण त्यातले दोन फोटो जोडीच्या मालकांनी फ्रेम करून घेतले. कॅमेरा विकायचा विषय संपला. आणि खरं सांगू? त्या दोन फ्रेम माझ्याच दुकानातून गेल्या.

तुमचा धंदा फोटोचा नसेलही. टेलरिंग असेल, केक असेल, मोबाईल दुरुस्ती असेल. हाताखाली शिकणारं कोणी ना कोणी असतंच. ‘बेकार आहे’ म्हणायला एक सेकंद लागतो. ‘पुढच्या वेळी हे कर’ सांगायला दहा मिनिटं लागतात. पण माणूस टिकतो तो त्या दहा मिनिटांमुळे.

आजचा गृहपाठ: हाताखालच्या एका माणसाचं एक काम पाहा. त्याला एक जमलेली गोष्ट सांगा आणि एकच बदल सांगा. आठवड्याने तेच काम पुन्हा पाहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, मनापासून करा!