लघुग्रहांचा मुलूख आणि त्याची मालकी

सन 1621 च्या एप्रिल महिन्यात जालंदर परगण्यातील एका गावी प्रातःकाळी प्रचंड गर्जना करीत आकाशातून एक तेजःपुंज वस्तू कोसळली, तेव्हा तेथील आमिल महंमद सैद याने जातीने जाऊन ती जागा खणविली. जसजसे खोल जावे तसतशी माती अधिक तप्त लागत गेली आणि अखेरीस हाती आला तो लोखंडाचा एक धगधगता गोळा. आमिलाने तो मोहोरबंद करून दरबारी रवाना केला. वजनात तो 160 तोळे भरला; उस्ताद दाऊदच्या घणाखाली ते लोखंड फुटू लागल्यामुळे त्याचे तीन भाग व साध्या लोखंडाचा एक भाग यांच्या मिश्रणातून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडविण्यात आली, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. मुलूख ज्याचा, त्यावर पडलेली वस्तूही त्याचीच, एवढ्या न्यायावर तो मामला मिटला. परंतु अशी द्रव्ये जेथून येतात तो प्रदेश कोणत्याच सत्तेच्या हद्दीत मोडत नाही, आणि मानवाची याने आता तेथवर पोहोचू लागली आहेत.

तो प्रदेश मंगळ व गुरू यांच्या कक्षांमध्ये, सूर्यापासून सुमारे 30 ते 50 कोटी किलोमीटर अंतरावर पसरला आहे. 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोच्या वेधशाळेतून ज्युसेप्पे पियाझ्झी यांना तेथील पहिले पिंड, सेरेस, आढळले. ते सूर्यतेजात दिसेनासे झाल्यावर तरुण गणिती गाऊसने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा गणिताने निश्चित केली आणि वर्षअखेरीस ते पुन्हा गवसले. 1861 साली मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी शोधलेल्या लघुग्रहास ‘एशिया’ हे नाव मिळाले. आज 12 लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झालेली असून त्यांतील बहुसंख्य याच पट्ट्यातील आहेत. तथापि पट्ट्यातील सर्वांचे वस्तुमान एकत्र केले तरी ते चंद्राच्या सुमारे तीन टक्केच भरते.

या पट्ट्याची संपत्ती आणि त्याचे संकट या दोहोंच्या मुळाशी गुरूचेच गुरुत्वाकर्षण आहे. त्याने येथील द्रव्यास एका ग्रहात संघटित होऊ दिले नाही. आरंभकाळी काही मोठी पिंडे वितळून त्यांतील लोह व निकेल गाभ्यात उतरले, आणि पुढील संघर्षांत कित्येकांची कवचे फुटून तो गाभा उघडा पडला. पृथ्वीच्या घडणीच्या वेळी जे प्लॅटिनम व इरिडियम लोहासह तिच्या उदरात कायमचे बुडाले, ते अशा पिंडांत हाताशी असण्याचा संभव आहे. त्याच गुरूच्या प्रभावाने पट्ट्यात काही रिकाम्या कक्षा निर्माण झाल्याचे डॅनियल कर्कवुड यांनी 1866 साली दाखविले, आणि त्या कक्षांत शिरलेले खडक हळूहळू लंबवर्तुळाकार मार्गाला लागून पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर आदळलेल्या, अंदाजे 10 किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाने डायनोसॉरांचा अंत घडविला, आणि त्या प्रलयाचा पुरावा पिता-पुत्र अल्व्हारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला तो मातीच्या पातळ थरातील इरिडियममध्येच. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवरही अशाच एका आघाताने बेसॉल्टाच्या कठीण खडकात कोरले गेले.

कादंबऱ्यांत रंगविलेली, क्षणोक्षणी आदळणाऱ्या शिळांची गर्दी मात्र येथे नाही. 1972 च्या जुलैत पट्ट्यात शिरलेले पायोनियर-10 हे यान पुढील फेब्रुवारीत सुखरूप बाहेर पडले, आणि त्या भयाचे निराकरण झाले. खरी अडचण प्रचंड अंतराची आणि क्षीण गुरुत्वाकर्षणाची आहे. 2020 साली ओसायरिस-रेक्स यानाने पृथ्वीजवळून फिरणाऱ्या बेन्नू या लघुग्रहाला स्पर्श करताच त्याचा पृष्ठभाग सैल वाळूप्रमाणे खचला आणि यानाचा हात सुमारे अर्धा मीटर आत गेला; एवढ्या सायासाने 2023 मध्ये पृथ्वीवर आले ते द्रव्य 121.6 ग्रॅम. 2023 च्या ऑक्टोबरात निघालेले यान 2029 मध्ये सायकी या सुमारे 220 किलोमीटर व्यासाच्या धातुमय लघुग्रहापाशी पोहोचावयाचे आहे. त्या लघुग्रहाच्या मूल्याचे अवाढव्य आकडे प्रसिद्ध होतात. परंतु जी वस्तू बाजारात आणण्याचे साधन नाही आणि आणल्यास जिचा भावच कोसळेल, तिची किंमत अशा रीतीने ठरविणे व्यर्थ होय. शिवाय सायकी हा संपूर्ण लोहाचा गाभा नसून त्यात खडकाचाही मोठा अंश असावा, असे अलीकडील मोजमापे सुचवितात.

असे असूनही मालकीचे दस्तऐवज तयार होऊ लागले आहेत. 1967 च्या अंतराळ-करारान्वये कोणत्याही राष्ट्रास आकाशस्थ पिंडावर सार्वभौमत्वाचा दावा करता येत नाही. परंतु अमेरिकेने 2015 साली आणि लक्झेंबर्गने 2017 साली कायदे करून खणून काढलेल्या द्रव्यावर खाजगी मालकी मान्य केली. याउलट, ही संपत्ती अखिल मानवजातीचा समाईक वारसा मानणाऱ्या 1979 च्या करारावर भारताने 1982 साली स्वाक्षरी केली, पण त्यास मंजुरी दिली नाही. आणि 2023 च्या जूनमध्ये, असे उत्खनन म्हणजे आपोआप राष्ट्रीय कबजा नव्हे असे मानणाऱ्या आर्टेमिस करारनाम्यावरही आपल्या देशाने सही केली.

खाणपट्टे आधी देऊन कायदा मागाहून केल्याचे दुष्परिणाम या भूमीवरील जंगलांनी आणि त्यांतील रहिवाशांनी भोगले आहेत. आकाशातील पहिली खाण सुरू होण्यास अद्याप अवकाश आहे, तोवरच भारताने समाईक वारशाच्या तत्त्वाला मंजुरी द्यावी, निदान या दोन भूमिकांवर संसदेत उघड चर्चा व्हावी, आणि सुजाण वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे तिचा आग्रह धरावा.