वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर?

मसाल्याचा गृहउद्योग करणारी भगिनी असो की कॅटरिंग करणारा तरुण, आज गिऱ्हाईक आधी मोबाइलवर नाव शोधते. म्हणून आपले अनेक बांधव वेबसाइट काढतात. ही चांगली गोष्ट आहे. पण तिचा पत्ता कोणाच्या नावावर नोंदला आहे, हे मात्र विचारायचे राहून जाते.

या पत्त्यालाच डोमेन म्हणतात. इंटरनेटवर संगणकांचे पत्ते आकड्यांत असतात. ते लक्षात ठेवणे कठीण, म्हणून १९८३ साली नावांची पद्धत आखली गेली. ‘डॉट कॉम’मधील पहिली नोंद १९८५ची. ‘डॉट इन’ हे भारताचे. त्याचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया पाहते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ‘डॉट कॉम’ची नोंद एका वेळी १ ते १० वर्षांसाठी होते. मुदत टळली, सवलतीचे दिवसही गेले, की तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. ई-मेल त्याच नावावर असेल तर तोही बंद पडतो. आलेली ऑर्डर, बिलाची चौकशी, सारेच अडते. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त असतो, नूतनीकरणाचा पुष्कळदा जास्त. तो आधीच विचारावा.

आम्ही पाहिले आहे, वेबसाइट बनवणारा घाईत स्वतःच्या नावाने नोंद करतो. पुढे पैशावरून बिनसते आणि कार्डावर, पाटीवर, पिशवीवर छापलेला पत्ता मालकाच्या हातून जातो. घाम आपला आणि नाव दुसऱ्याचे, असे होऊ देऊ नये.

म्हणून चार गोष्टी कराव्यात. नोंद स्वतःच्या किंवा धंद्याच्या नावाने करावी. तिथे ई-मेल आपला द्यावा, पण त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडले तर मुदतीची सूचनाही पोचणार नाही. पासवर्ड आणि पावती आपल्याकडे ठेवावी. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहावी.

काम दुसऱ्याकडून जरूर करून घ्यावे. नोंद मात्र आपल्याच नावावर हवी. घरभाड्याची पावती जपणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.