एका ठशाची हजार चित्रे

पोळ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. बैल धुऊन आणलेले आहेत, शिंगांना रंग दिला आहे, गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या आहेत. घरातले एखादे पोरगे गेरूच्या पातेल्यात वाटीचा काठ बुडवते आणि बैलाच्या अंगावर गोल ठसे उठवीत सुटते. वाटी एकच, पण ठसे पन्नास! पहिला जसा उठला तसाच पन्नासावा. ठशाची सारी करामत एवढ्यात आली. एकदा घडवावे आणि पुष्कळांना वाटावे.

मंडळी, अशा ठशांवर ज्यांनी आपला जीव लावला त्या एका चित्रकाराची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे. त्यांचे नाव चित्तप्रसाद. जन्म १९१५ सालचा, बंगालमधल्या नैहाटीचा. पण १९४६ पासून जवळजवळ तीस वर्षे ते राहिले आपल्या मुंबईत, अंधेरीला. त्यांचे पूर्ण नाव चित्तप्रसाद भट्टाचार्य. परंतु आडनावावरून जात कळते, ती खूण आपल्याला नको, म्हणून त्यांनी आडनावच टाकून दिले.

तुम्ही म्हणाल, चित्रकार तर पुष्कळ झाले. मग यांचीच गोष्ट का? याचे कारण असे. रंगांनी काढलेले चित्र एकच असते. ते ज्याने विकत घेतले त्याच्या घरी गेले. बाकीच्यांनी दुरून पाहावे. ठशाचे चित्र, म्हणजे मुद्राचित्र, तसे नाही. एका पाटीवरून शेकडो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत अस्सल असते. आता गंमत पाहा. कित्येक मुद्राचित्रकार मोजक्याच प्रती काढतात, प्रत्येकीवर सही करून क्रमांक घालतात. प्रती कमी, म्हणून किंमत जास्त! चित्तप्रसाद यांनी आपल्या पुष्कळशा चित्रांवर सही-क्रमांक घातलेच नाहीत. चित्र महाग होऊ नये, साध्या माणसाला परवडावे, असा त्यांचा हेतू होता.

हे काम होते कसे, तेही थोडक्यात सांगतो. लाकडावर कोरतात, तसेच लिनोलियमवरही कोरतात. लिनोलियम म्हणजे फरशीवर अंथरायचे एक जाड कापड. १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ते निघाले. ते कशाचे बनते ठाऊक आहे? जवसाचे तेल, राळ आणि बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा, आणि हे सारे थापलेले असते तागाच्या कापडावर. जवस तर आपल्याच शेतातला! लाकडापेक्षा हे मऊ असते. थोडा वेळ उन्हात ठेवले की आणखी मऊ होते आणि कोरणी सहज चालते.

आधी त्यावर चित्र रेखाटायचे, तेही उलटे. शाळेचा शिक्का हातात घेऊन पाहा, त्यावरची अक्षरे उलटी असतात, तसेच हे. मग कोरणीने कोरत जायचे. जेवढे कोरून काढाल तेवढे कागदावर पांढरे राहते आणि जेवढे ठेवाल तेवढे काळे उठते. इथे खोडरबर चालत नाही. हात घसरला आणि नको तिथे कोरले गेले, तर ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून या कलाकाराला प्रत्येक रेघेआधी विचार करावा लागतो. कोरून झाले की रुळाने छापखान्याची शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने सावकाश घासायचे. मोठे यंत्र नसले तरी काम अडत नाही. एका खोलीत, एका टेबलावर हा सगळा कारखाना मांडता येतो. आणि म्हणूनच कुणाच्या पगारावर नसलेल्या, स्वतंत्र राहू पाहणाऱ्या चित्रकाराला ही कला सोयीची वाटते.

चित्तप्रसाद कोणत्याही चित्रशाळेत शिकले नाहीत. खेड्यातले मूर्तिकार, कारागीर आणि कठपुतळ्या नाचविणारे लोक हेच त्यांचे गुरू. पण त्यांच्या हाताला खरी दिशा दिली ती एका भयंकर प्रसंगाने.

१९४३ साली बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला. सुमारे तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली, असा अंदाज आहे. मिदनापूर जिल्ह्याला तर आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, समुद्राकडून आलेल्या वादळाने झोडपून काढले होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद या जिल्ह्यात पायी हिंडले. ते तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे काम करीत आणि पक्षाच्या पत्रांसाठी चित्रे व हकिकती पाठवीत. ओसाड झोपड्या, हाडांचे सापळे झालेली माणसे, धान्याच्या आशेने वाट तुडवणारी कुटुंबे, हे सारे त्यांनी काळ्या शाईने कागदावर उतरवले. मिळेल तिथे चित्राखाली त्या माणसाचे नाव आणि गावही लिहून ठेवले. का बरे? ‘इतके लाख मेले’ हा आकडा वाचून आपण पान उलटतो. पण अमुक गावचा अमुक माणूस, असे म्हटले की तो आपल्यासारखाच कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ असतो.

या प्रवासाचे त्यांनी ‘हंग्री बेंगॉल’, म्हणजे भुकेला बंगाल, नावाचे छोटे पुस्तक केले. इंग्रज सरकारला ते सोसले नाही. पाच हजार प्रती जप्त करून जाळून टाकल्या. सरकारला वाटले असेल, झाले, संपले. पण छापलेल्या वस्तूची जात चिवट, बरं का! एक प्रत घरच्यांकडे जपून राहिली. त्या एका प्रतीवरून २०११ साली पुस्तक पुन्हा जसेच्या तसे छापले गेले. पाच हजार जळाल्या आणि एक उरली. त्या एकीतून पुन्हा पुष्कळ झाल्या.

स्वातंत्र्यानंतर, १९४८-४९ च्या सुमारास, ते पक्षापासून दूर झाले. पुढचे दिवस अंधेरीच्या त्या खोलीत गेले. राहणी साधी, पैशाची ओढाताण नेहमीचीच. लिनोलियमवर कोरण्याचे काम याच काळात बहराला आले. विषय मात्र खिडकीबाहेर रोज दिसणारेच. शेतकरी, मजूर, आई आणि मूल. त्यातही मुलांची चित्रे पाहण्यासारखी आहेत. खेळायच्या वयात कामाला जुंपलेली, रस्त्यावर झोपणारी मुले त्यांनी एका चित्रमालेत कोरली. १९६९ साली डेन्मार्कमधल्या युनिसेफच्या समितीने ती पुस्तकरूपाने काढली. त्या पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ आहे, ‘परीकथा न लाभलेले देवदूत’.

नुसती चित्रे काढून ते थांबले नाहीत. आसपासच्या वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी ‘खेलाघर’ नावाचे कठपुतळ्यांचे घर मांडले. लहानपणी पाहिलेल्या बाहुल्या अशा रीतीने मुंबईच्या मुलांपुढे नाचल्या. ज्यांची दुःखे कोरली त्यांना हसवलेही पाहिजे, हे या माणसाला कळत होते. त्यांच्या कामाची कीर्ती चेकोस्लोव्हाकियापर्यंत गेली. तिथल्या पावेल होब्ल यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर एक माहितीपटही केला. तरीही हाती संपत्ती अशी आली नाही. १९७८ साली कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. जी चित्रे स्वस्त राहावीत म्हणून त्यांनी सही केली नाही, तीच आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. काळाचा हा खेळ!

आता गुरुजी, दोन शब्द तुमच्यासाठी. ही कला वर्गात आणायला पैसा लागत नाही. बटाटा मधोमध कापा. सपाट बाजूवर मुलांना पान, मासा किंवा चांदणी काढू द्या आणि बोथट चाकूने किंवा खिळ्याने भोवतालचा भाग काढायला सांगा. कोरताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असावा, पुढे कधीच नसावा, एवढे कटाक्षाने पाहा. मग गेरूत किंवा निळीत बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर ठसे उठवा. एखाद्याला आपल्या नावाचे अक्षर कोरू द्या. ते उलटे उमटले की वर्गात हशा पिकेल, आणि ‘असे का झाले?’ हा प्रश्न मुलेच विचारतील. त्या प्रश्नाने निम्मा धडा झाला असे समजा.

मात्र एक गोष्ट विसरू नका. ठसा उठवून झाला की मुलाला विचारा, “पहिली प्रत कुणाला देशील?” चित्तप्रसाद आयुष्यभर स्वतःला हेच विचारीत राहिले असावेत. आपल्या हातचे चांगले काम एकाच्या पेटीत बंद राहावे, की चार घरच्या भिंतींवर लागावे? उत्तर ज्याने त्याने द्यायचे आहे. पोळ्याला गेरूत वाटी बुडवणाऱ्या पोराला विचाराल, तर ते पुढच्या बैलाकडे बोट दाखवील.