हीट पाइप आणि नॅनोद्रव: कमी पाण्यात जास्त थंडावा

आपल्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची माहिती घरातल्या लहानथोरांना असते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. पंप कुठेच नाही. पंपाविना चालणारी अशीच एक युक्ती आज आपल्या लॅपटॉपमध्ये आणि काही सोलर वॉटर हीटरमध्ये असते. तिचे नाव हीट पाइप. फरक इतकाच, की ती पाण्याबरोबर उष्णताही वाहून नेते.

नळीत काय घडते?

तांब्याच्या नळीतली हवा काढून, थोडे पाणी घालून ती कायमची बंद करतात. आतल्या भिंतीला जाळीचे किंवा सच्छिद्र तांब्याचे अस्तर असते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे हे पाणी अस्तरातून परत येते. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, पण १०० अंशांवर त्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल. म्हणूनच थोडेसे पाणी एवढे काम करते. ही नळी १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी नावारूपाला आणली.

नॅनोद्रव म्हणजे काय?

पाण्यात अ‍ॅल्युमिना, तांबे अशा पदार्थांचे १ ते १०० नॅनोमीटरचे कण मिसळले की नॅनोद्रव तयार होतो. हे नाव १९९५ मध्ये स्टीफन चोई यांनी दिले. तांबे पाण्यापेक्षा सुमारे ६०० पट चांगले उष्णतावाहक, म्हणून आशा मोठी होती. पण २००९ मध्ये तीसहून अधिक संस्थांनी सारख्याच नमुन्यांची मोजणी केली, तेव्हा उष्णतावहनातील वाढ जुन्या सूत्रांनी सांगितली तेवढीच निघाली.

तरीही हीट पाइपमध्ये बरेचदा फायदा दिसतो. कारण वेगळे आहे. वाफेबरोबर कण जात नाहीत. ते गरम टोकालाच राहतात आणि अस्तरावर त्यांचा पातळ थर बसतो. हा खडबडीत थर पाणी चांगले धरून ठेवतो आणि वाफेचे बुडबुडे सुटायला जागा देतो.

मात्र प्रमाण चुकले की तेच कण घात करतात. द्रव घट्ट होतो, कण गोळा होऊन खाली बसतात, अस्तराची छिद्रे बुजतात. कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यांत क्षार साचून पाण्याची वाट अडते, तसेच हे.

आपल्या उपयोगाचे

सोलर हीटर घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हीट पाइपच्या प्रकारात टाकीतले पाणी काचेच्या नळ्यांत उतरत नाही, त्यामुळे क्षारयुक्त पाणी असलेल्या घरी नळ्यांत क्षार साचत नाहीत. दुसरे, ‘नॅनो’ शब्दासाठी जास्त पैसे मागितले, तर विचारावे: कण कोणते, प्रमाण किती, आणि किती वर्षे चालवून पाहिले? नळी एकदा बंद झाली की आतले द्रव बदलता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा पाचव्या वर्षीचा आकडा महत्त्वाचा. अभियांत्रिकीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठीही संशोधनाचा खरा प्रश्न तोच आहे.