पुण्याच्या पायाखालचं पाणी

पुण्याला पाणी कुठून येतं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. पावसाळ्यात या चार धरणांत किती टीएमसी पाणी जमलं, याचे आकडे रोज छापून येतात आणि पुणेकर ते मन लावून वाचतात. पण मार्च सरत आला की वाघोली, उंड्री, बावधन अशा उपनगरांतल्या सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे राहू लागतात. त्यातलं बरंचसं पाणी कुणाच्या तरी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेलं असतं. म्हणजे शहराला आणखी एक साठा आहे, पायाखालचा. तो किती भरला आणि किती उरला, हे मात्र कुठेच छापून येत नाही.

तो समजून घ्यायचा तर आधी खडक समजून घ्यावा लागतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे लोटच्या लोट आले. एक थर पसरला, थंड झाला, काही काळ उघड्यावर झिजला. मग त्यावर दुसरा. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग आज या बेसॉल्टने व्यापलेला आहे आणि पुणेही त्यावरच बसलं आहे. प्रत्येक थराचा स्वभाव खालून वर बदलत जातो. मधला भाग घट्ट, काळाभोर, ज्याला आपण कातळ किंवा काळा पाषाण म्हणतो. वरच्या भागात मात्र लाव्हातून निसटू पाहणाऱ्या वायूंच्या बुडबुड्यांची भोकं राहून गेली. विहीर खणणारे लोक या खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या सांध्यात कधी गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

मांजऱ्यातल्या भोकांत पाणी भरून राहत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण ही भोकं बहुधा एकमेकांना जोडलेली नसतात आणि त्यातली कित्येक झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. वाघोलीच्या खाणींतून निघालेला निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत ठेवला जातो, तो अशाच पोकळ्यांतला. पाणी राहतं आणि वाहतं ते खडकाच्या भेगांतून, आडव्या-उभ्या सांध्यांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमातून. त्यामुळे साठा बेताचा असतो. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या एक घनमीटर जमिनीतून शंभर-दोनशे लिटर पाणी मिळू शकतं. आपल्या बेसॉल्टमधून मिळतं साधारण दहा ते तीस लिटर. म्हणूनच इथे भूजल एका पावसाळ्यात भरतं आणि उपसा बेसुमार झाला तर उन्हाळ्याआधीच संपतं. एरवी लोकांना भिववणारी ही गोष्ट मला आशेची वाटते. जो साठा दरवर्षी भरतो, तो सांभाळण्याची संधीही दरवर्षी मिळते.

बोअर घेताना मात्र उलटा विचार होतो. दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही तर तीनशे, तिथेही नाही तर पाचशे. खोल गेलं की पाणी वाढतं, ही समजूत बेसॉल्टच्या प्रदेशात फार महागात पडते. जसजसं खाली जावं तसतशा भेगा सहसा कमी आणि आवळलेल्या होत जातात. एखादी पाणी धरणारी भेग खोलवर लागलीच, तर तिच्यातलं पाणी सावकाश, कित्येक वर्षांत साचलेलं असतं आणि ते परत भरायलाही तितकाच काळ लागतो. शिवाय बोअर वाटेतले सगळे थर भेदून जातं. वरच्या थराला व्यवस्थित केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, नसेल तर वरचं पाणी त्याच भोकातून खाली झिरपतं आणि शेजारच्या जुन्या विहिरीची पातळी उतरते. जमिनीच्या सातबाऱ्याला हद्द असते, पण जलधराला, म्हणजे पाणी धरणाऱ्या त्या खडकाला, ती हद्द ठाऊक नसते. एका सोसायटीने पंप लावला की दुसऱ्या सोसायटीच्या वाट्याचं पाणीही त्यातून येतं.

आता छतावरच्या पावसाचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छताचा जुना बंगला घेतला, तर 70 हजार लिटर. बाष्पीभवन आणि गळती वजा जाता पंचावन्न हजारांच्या आसपास. पाच-साडेपाच मोठे टँकर झाले, हे काही थोडं नाही. पण पाचशे चौरस मीटर छताच्या चाळीस सदनिकांच्या इमारतीचं गणित वेगळं येतं. छतावरून वर्षभरात मिळतील सुमारे 2 लाख 80 हजार लिटर. एकशे साठ माणसं, प्रत्येकी रोज 135 लिटर, म्हणजे दिवसाला 21 हजार 600 लिटर. सगळं पाणी पकडलं तरी तेरा दिवस पुरेल.

हा आकडा ऐकून काही जण हात झटकतात. मी उलट म्हणेन की हा आकडा सोसायटीच्या सूचना फलकावर लावावा. त्यातून दोन गोष्टी कळतात. छतावरच्या पाण्याने टँकर पूर्ण थांबणार नाहीत. त्यासाठी वापर कमी करावा लागेल, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरावं लागेल. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, जितकी इमारत उंच तितकं तिचं अवलंबित्व आसपासच्या मोकळ्या जमिनीवर अधिक. पाऊस मुरतो तो टेकड्यांच्या उतारावर, मैदानांवर, ओढ्यांच्या काठी. वेताळ टेकडी, पर्वती-तळजाई, कात्रजचा डोंगर यांच्याबद्दल बोलताना आपण सकाळचं फिरणं आणि मोर आठवतो. त्या उतारांवरून खडकात शिरणारं पाणी हिशेबात धरलं, तर तिथल्या प्रत्येक रस्त्याची आणि बांधकामाची किंमत वेगळी दिसेल.

मुरण्याच्या वाटा बंद केल्या की पाणी नाहीसं होत नाही, ते रस्त्यावर येतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसं दगावली, घरं आणि गाड्या वाहून गेल्या. हा ओढा कात्रजकडूनच येतो. त्याच कात्रजच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, तलाव बांधून दगडी बंदिस्त नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही. फक्त जमिनीचा उतार. वाटेत ठिकठिकाणी उसासे ठेवलेले, हवा बाहेर पडायला आणि आत उतरून सफाई करायला. पेठांतल्या हौदांना पाणी मिळायचं ते या नळातून. ती मंडळी उतार वाचत होती. आपल्याकडे उपग्रहाची चित्रं आहेत, सविस्तर नकाशे आहेत, आणि तरीही ओढ्याच्या पात्रात भिंती उभ्या राहतात.

पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठीचे, म्हणजे पुनर्भरणाचे खड्डेही खडक न पाहता घेतले जातात, हे फार खटकतं. बांधकाम परवानगीसाठी खड्डा लागतो, म्हणून कोपऱ्यात एक खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे भरले जातात. खाली घट्ट कातळ असेल तर ते पाणी तिथेच तुंबतं, तळघरात पाझरतं. खाली मुरूम किंवा भेगाळलेला खडक असेल तर लहानसा खड्डाही उत्तम काम करतो. बोअरमध्ये थेट पाणी सोडायचं असेल तर ते फक्त छतावरचं, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी वगळून आणि गाळणीतून गेलेलं असावं. पार्किंगमधलं तेलकट पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे सगळ्यांच्या साठ्यात घाण ओतणं.

घाणीचा प्रश्न किरकोळ नाही. मैलापाण्याच्या फुटक्या वाहिन्या आणि शोषखड्डे हेही भूजलात भर घालत असतात, पण नायट्रेट आणि जंतूंची. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी नितळ दिसलं, गोड लागलं, तरी ती ओलांडलेली असू शकते. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला आणि विहिरी, टँकर, घरांतले नळ यांचे नमुने तपासावे लागले. भेगांच्या खडकात पाणी गाळाच्या जमिनीसारखं गाळलं जात नाही. वर टाकलेलं काही दिवसांत खालच्या विहिरीत पोचू शकतं.

महाराष्ट्राने भूजलासाठी 2009 मध्ये कायदा केला. 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला तो खोल विहीर म्हणतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे आणि ती निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. अ‍ॅक्वाडॅम या पुण्याच्या संस्थेने शहराखालच्या जलधरांचा अभ्यास केला आहे. शास्त्र हाताशी आहे. कमी आहे ती माहिती, आणि ती नागरिकांकडेच पडून आहे, हजारो बोअरच्या रूपात. बोअर घेताना भोकातून उडणारा चुरा दर दहा फुटांना पिशवीत भरून, खोली लिहून ठेवला, तर त्या जागेचा खडक कायमचा नोंदला जातो. पाणी कितव्या फुटाला लागलं, किती इंची लागलं, केसिंग कुठवर आहे, हे एका कागदावर मावतं. त्याच चार महिन्यांत सोसायटीने आपल्या बोअरची पातळी मोजायला सुरुवात केली, तर दोन-तीन वर्षांत त्या वस्तीच्या पाण्याचा चढउतार समोर येईल. एका प्रभागातल्या पन्नास सोसायट्यांनी या नोंदी एकत्र केल्या, तर खड्डा कुठे घ्यायचा, कुठली मोकळी जागा फरसबंद करायची नाही आणि कुणी किती तास पंप चालवायचा, हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरवता येईल. चुऱ्याच्या पिशव्यांना काहीच खर्च येत नाही. बोअरच्या गाडीवाल्याला मात्र काम सुरू होण्याआधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर रात्रीत भोक पाडून गाडी पुढच्या सोसायटीत गेलेली असते.