पुराव्याची प्रतवारी

लहानपणी आमच्या गावात कुणाला फेफरे आले की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरत. झटका सहसा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. श्रेय मात्र कांद्याला मिळे. नुसता अनुभव असा फसवतो. पुतणीच्या अपस्मारामुळे मी या विषयाचे वाचन सुरू केले, तेव्हा कळले की औषधांच्या बाबतीतही हा धोका असतोच.

म्हणून पुराव्यावर आधारित मार्गदर्शक तत्त्वे लागतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची गटवारी करून औषधांची तुलना करायची, अशा सर्व चाचण्या गोळा करायच्या आणि प्रत्येक पुराव्याची प्रत ठरवायची, ही त्यांची रीत. ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ने 2006 साली अशी छाननी केली. प्रौढांच्या सर्वांगी झटक्यांसाठी पहिल्या प्रतीची एकही चाचणी तिला सापडली नाही. रोजच्या वापरातल्या औषधांमागचा आधार इतका तोकडा आहे, हे तिने लपवले नाही. मला हाच अशा तत्त्वांचा मोठा गुण वाटतो.

पुढे ब्रिटनमधील ‘सॅनॅड-2’ या चाचणीत सर्वांगी किंवा वर्गीकरण न झालेल्या अपस्माराचे 520 रुग्ण होते. 2021 साली निष्कर्ष आले : झटके थांबवण्यात लेव्हेटिरासिटामपेक्षा व्हाल्प्रोएट सरस. मग सर्वांना तेच द्यावे? नाही. गरोदरपणी व्हाल्प्रोएट घेतल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळते. बौद्धिक वाढीलाही धोका असतो. म्हणून ब्रिटनने 2018 सालीच मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांसाठी त्यावर कडक अटी घातल्या. नुसती चाचणी वाचणाऱ्याला अर्धेच सत्य कळते. मार्गदर्शक तत्त्वे दोन्ही पुरावे शेजारी ठेवतात आणि समोरचा रुग्ण कोण, हे विचारायला लावतात.

माझ्या पुतणीला पंधराव्या वर्षी हेच औषध सुरू झाले. झटके थांबले, घर निश्चिंत झाले. लग्न ठरल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, “गरोदरपणाबद्दल कुणी काही सांगितलं होतं?” कुणीच सांगितले नव्हते. अचानक औषध बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून त्यांनी ते हळूहळू बदलले. त्या काळात तिला दोनदा झटके आले.

“काका, औषध चुकीचं होतं असं मी म्हणत नाही,” ती मला म्हणाली, “पण निवड माझ्यासमोर ठेवायला हवी होती.”