राखेने जपलेले तोंड

ट्रायलोबाइट या प्राचीन समुद्री प्राण्याच्या वीस हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. इतके जीवाश्म हाती असूनही त्याचे तोंड नेमके कसे होते, हे अगदी अलीकडेपर्यंत नीट दिसलेले नव्हते. पाठीवरचे कवच कॅल्साइटचे, त्यामुळे ते टिकते. पाय, शृंगिका, आतडी मात्र मेल्यावर लगेच कुजू लागतात. शिवाय हा प्राणी वाढताना कात टाकत असे. संग्रहांतले कित्येक ‘ट्रायलोबाइट’ म्हणजे टाकून दिलेली रिकामी कवचेच आहेत.

अपवाद होते. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावाजवळ 19व्या शतकाच्या अखेरीस पायांसह ट्रायलोबाइट मिळाले. तिथे मऊ भागांवर पायराइट साचले होते. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्येही पाय दिसले, पण तिथले प्राणी खडकाच्या भाराखाली पार चेपलेले.

मोरोक्कोतल्या हाय अ‍ॅटलास पर्वतात सापडलेले नमुने चेपलेले नाहीत, हेच त्यांचे मोठेपण. फ्रान्समधल्या प्वातिए विद्यापीठाचे अब्देर्रझाक एल अल्बानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 साली ‘सायन्स’मध्ये त्यांचे वर्णन केले. सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या तप्त राखेचा लोट तिथल्या उथळ समुद्रात घुसला आणि प्राणी जागच्या जागी गाडले गेले. बारीक राख पायांवरच्या केसांपर्यंत पोहोचली, पोटातही गेली, आणि शरीर कुजण्याआधीच घट्ट झाली. शरीर नंतर नाहीसे झाले. मागे उरला तो मूर्तिकाराच्या साच्यासारखा हुबेहूब ठसा. हे किती झपाट्याने घडले असेल? कवचावर देठांनी चिकटलेले इवलेसे ब्रॅकिओपॉड प्राणी जिवंतपणी जसे होते तसेच जागेवर आहेत, यावरून कल्पना यावी.

दगड न फोडता, क्ष-किरणांनी त्याचे सूक्ष्म थर टिपून संगणकावर त्रिमितीय आकृती उभी केली गेली. तोंड फटीसारखे निघाले. त्यावर लॅब्रम नावाचा मांसल ओठ होता. आजच्या संधिपाद प्राण्यांत तो असतोच. ट्रायलोबाइटमध्ये तो प्रथमच स्पष्ट दिसला. डोक्यावर शृंगिकांमागे अवयवांच्या तीन जोड्या असतात असे मानले जाई, त्या चार निघाल्या. तोंडालगतच्या अवयवांचे बुड चमच्यासारखे वळलेले आहे. एवढा अभ्यास झालेल्या प्राण्याच्या डोक्यावरची एक अख्खी जोडी मोजायची राहून जावी, हे मला फार बोलके वाटते.

ज्वालामुखीजन्य खडकात जीवाश्म कशाला सापडतील, असे समजून तिकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता मोठी. लाव्हाच्या बाबतीत ते योग्यही आहे, पण समुद्रात पडलेल्या राखेचे थर वेगळे. मऊ शरीराचे प्राणी शोधायचे असतील, तर हे थर आता मुद्दाम तपासायला हवेत.